एक मतदारसंघ : शहर, उपनगर आणि खेडीं



आज मी आपणांशीं बोलणार आहें तें एका रेषेविषयीं. ही रेषा जमिनीवर कोठें आंखलेली दिसत नाहीं. तिला कुंपण नाहीं, हद्दीचा दगड नाहीं, नाकें नाहीं. शेतकरी तिच्यावरून रोज नांगर नेतो आणि विद्यार्थी रोज सायकलीवरून ती ओलांडतो. पण ती आपल्या पायाखालीं आहे याची दोघांनाही दाद नसते. तरी आपल्या वतीनें मुंबईस कोणीं बोलावें, आपल्या गांवचा प्रश्न कोणाच्या तोंडून सभागृहांत जावा, हें ती रेषा ठरविते. मी म्हणतों ती रेषा म्हणजे विधानसभेच्या मतदारसंघाची हद्द. उदाहरणासाठीं मी संगमनेरचा मतदारसंघ घेतला आहे. महाराष्ट्राच्या 288 मतदारसंघांत त्याचा क्रमांक 217 वा लागतो.

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेलें हें गांव पुणें-नाशिक रस्त्यावरचें जुनें बाजारपेठेचें ठिकाण आहे. पूर्वीं संगमनेर म्हटलें म्हणजे नदीकांठची पेठ, विड्यांचे कारखाने आणि आठवड्याचा बाजार एवढें चित्र डोळ्यांपुढें येई. आतां तें पुरेसें नाहीं. शहर हद्दीबाहेर सांडलें आहे. घुलेवाडी, गुंजाळवाडी या एके काळच्या वाड्यांतून आज घरांच्या रांगा उभ्या आहेत. अकोल्याच्या डोंगरांतून आलेला शिक्षक, सिन्नरकडून आलेला दुकानदार, तळेगांवच्या कोरडवाहू पट्ट्यांतून मुलांच्या शिक्षणासाठीं आलेलें कुटुंब, असे नाना ठिकाणचे लोक तेथें घरें बांधून राहिले आहेत. दिसावयास तें शहर आहे. कारभारानें तें खेडें आहे. नगरपालिकेच्या निवडणुकींत त्या रहिवाशास मत नाहीं, कारण तो ग्रामपंचायतींत राहतो. दिवसभर तो शहरांत वावरतो, शहराच्या रस्त्यावरची धूळ खातो, शहराच्या बाजारांत पैसे खर्चतो. रात्रीं निजावयास मात्र ग्रामपंचायतीच्या हद्दींत जातो. त्याला आपण उपनगरवासी म्हणूं.

हा उपनगरवासी, जुन्या पेठेंतील नागरिक आणि बारा कोसांवरील कोरडवाहू शेतकरी हे तिघे समान अधिकारानें एकत्र कोठें येतात, असें विचारल्यास उत्तर एकच आहे : विधानसभेच्या मतदानांत. नगरपालिका एकाची, ग्रामपंचायत दुसऱ्याची, जिल्हा परिषदेचा गट तिसऱ्याचा. पण आमदार तिघांचा एक. लोकसभेलाही हे तिघे एकत्र मत देतात, परंतु तेथें अकोले, शिर्डी, कोपरगांव, श्रीरामपूर आणि नेवासे हे आणखी पांच मतदारसंघ त्यांच्या जोडीस असतात. म्हणून शहर, उपनगर आणि खेडें यांचा न्याय एकाच माणसाकडे मागण्याची जवळची जागा विधानसभा हीच होय.

ही जागा आपल्याला सहज मिळालेली नाहीं. 1935 च्या कायद्यान्वयें 1937 सालीं मुंबई प्रांताची 175 सभासदांची विधानसभा निवडली गेली, तेव्हां मत देण्याचा अधिकार सारा भरणाऱ्यास, कर देणाऱ्यास, किंवा कांहीं शिक्षण झालेल्यास होता. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें 3 कोटी लोकांनाच तो लाभला; विडी वळणारी बाई आणि दुसऱ्याच्या शेतावर राबणारा गडी त्या यादींत क्वचितच सांपडला असता. 1946 ते 1952 या काळांत मुंबईच्या विधानसभेचे अध्यक्षपद आपल्याच जिल्ह्याच्या कुंदनमल सोभाचंद फिरोदियांनीं भूषविलें, हें नगरकरांना अभिमानास्पद आहे. पण सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मत मिळालें तें 1952 च्या निवडणुकींत. त्या पहिल्या मतदार याद्या करतांना देशांत सुमारें 28 लक्ष स्त्रियांचीं नांवें गाळावीं लागलीं. कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढेंच सांगितलें होतें. मताचा हक्क घटनेनें दिला तरी यादींत नांव असल्यावांचून तो हातीं येत नाहीं, हा धडा तेव्हांपासूनचा आहे. पुढें तो पुन्हां आपल्या उपयोगीं पडणार आहे.

महाराष्ट्र राज्य 1960 सालीं झालें. 1962 सालीं विधानसभेंत 264 जागा होत्या, 1967 सालीं 270 झाल्या आणि 1978 पासून 288 आहेत. या अवधींत संगमनेरनें कोणाला पाठविलें तें थोडक्यांत सांगतों. भिकाजी जिजाबा खताळ-पाटील 1962, 1967, 1972 आणि 1980 या निवडणुकांत निवडून आले, मंत्री झाले, पुढें राजकारण सोडून लेखनांत रमले आणि शंभरी ओलांडून 2019 सालीं वारले. 1978 सालीं भाऊसाहेब थोरात यांना लोकांनीं निवडलें. स्वातंत्र्याच्या लढ्यांतून आलेले, सहकारी साखर कारखाना उभारणारे ते गृहस्थ. 1985 सालीं त्यांचे पुत्र बाळासाहेब थोरात अपक्ष म्हणून विजयी झाले आणि नंतर काँग्रेसच्या वतीनें 2019 पर्यंत लागोपाठ निवडून येत राहिले. एकंदर आठ वेळां. राज्याचें महसूल खातें त्यांनीं सांभाळलें. 2024 च्या नोव्हेंबरांत शिवसेनेचे अमोल खताळ यांनीं त्यांचा सुमारें साडेदहा हजार मतांनीं पराभव केला. याच तालुक्यानें लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख यांच्यासारखा पाटपाण्याचा जाणकारही विधिमंडळास दिला.

या नामावळींत कोण चांगला आणि कोण वाईट, हें सांगणें माझें काम नव्हे. मला तिच्यांतून एवढेंच दाखवावयाचें आहे कीं मतदारसंघ ही कोणाची वतनदारी नसते. चाळीस वर्षें विश्वास टाकणारा मतदार एका दिवसांत तो काढूं शकतो, आणि काढला तरी पूर्वीं टाकलेला विश्वास चुकीचा होता असें ठरत नाहीं. विजयी उमेदवार विरोधी मत देणाऱ्यांचाही आमदार होतो. 2024 सालीं पहिल्या दोघां उमेदवारांना मिळून दोन लक्ष चौदा हजारांवर मतें पडलीं. त्यांतलीं एक लक्ष एक हजारांहून अधिक पराभूताच्या बाजूचीं होतीं. तीं मतें देणाऱ्यांचे रस्ते, शाळा आणि पाणी यांची जबाबदारी निकालानंतर संपत नाहीं.

आतां पाण्याचीच गोष्ट घेऊं. कारण प्रतिनिधित्व म्हणजे काय हें या तालुक्यांत पाण्याइतकें दुसऱ्या कशानेंही समजत नाहीं. भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं पुरें झालें. त्याचें पाणी प्रवरेंतून संगमनेरवरून वाहत ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतें आणि तेथून दोन्ही बाजूंचे कालवे निघून खालच्या तालुक्यांत जातात. ओझर संगमनेर तालुक्यांतच आहे. म्हणजे नदी दारावरून गेली, पाणी डोळ्यांनीं पाहिलें, आणि मळे फुलले ते मुख्यतः खालच्या अंगास. तळेगांव, निमोण या बाजूचा शेतकरी आकाशाकडेच पाहत राहिला. त्याच्यासाठीं वरच्या बाजूस प्रवरेवर आणखी एक धरण बांधावें, ही कल्पना 1970 सालची. तें निळवंड्याचें धरण. त्याच्या 85 किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्यांत पाणी सुटलें 2023 सालीं. मध्यें 53 वर्षें गेलीं. विधानसभेच्या 1972 पासून 2019 पर्यंत अकरा निवडणुका झाल्या. या कालव्यांच्या जाळ्याचा लाभ सात तालुक्यांतील 182 गांवांना व्हावयाचा, त्यांतले सहा तालुके नगर जिल्ह्यांतले व एक नाशिक जिल्ह्यांतला, आणि खर्चाचा आंकडा 5177 कोटी रुपये असा सरकारनें सांगितला आहे.

यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं पाणी उतारानें वाहतें, मतदारसंघाच्या हद्दीनें वाहत नाहीं. सात तालुक्यांतून जाणारा कालवा एका आमदाराच्या हातचा नसतो. शेजारच्या मतदारसंघांशीं जुळवून घेणें, अर्थसंकल्पांत तरतूद करून घेणें, ती खर्ची पडली कीं नाहीं हें तारांकित प्रश्न विचारून काढून घेणें, लक्षवेधी सूचना मांडणें, हीं सभागृहांतलीं कामें तेथें उपयोगीं पडतात. मुंबईच्या आणि नागपूरच्या अधिवेशनांतील त्याची हजेरी म्हणूनच महत्त्वाची. दुसरी गोष्ट अशी कीं या कोरडवाहू गांवांनीं विचारणें सोडलें नाहीं. त्यांनीं समित्या काढल्या, मोर्चे नेले, न्यायालयांत दाद मागितली, आणि प्रत्येक निवडणुकींत प्रत्येक उमेदवारास निळवंड्याविषयीं बोलावयास लावलें. उशीर झाला हें खरें आणि तो क्षम्य नव्हे. पण अकरा निवडणुकांत हा प्रश्न मरूं दिला नाहीं, हें त्या गांवांचें श्रेय आहे.

आतां उपनगराकडे वळूं. उपनगरवाशाचे प्रश्न लहान नाहींत. सांडपाणी कोणाच्या गटारांत सोडावें, नळाचें पाणी कोणाच्या टाकीचें, कचरा कोणीं उचलावा, हद्दवाढ व्हावी कीं न व्हावी, ग्रामपंचायतीला हें ओझें पेलेल काय, हे सारे प्रश्न शेवटीं राज्य सरकारच्या दारीं जातात. नगरपालिकेची हद्द वाढविणें किंवा मोठ्या ग्रामपंचायतीला नगरपंचायत करणें हें राज्य सरकारच्याच अधिकारांतलें आहे. त्यांतून 2022 ते 2025 या काळांत राज्यांतील बहुतेक नगरपालिका व जिल्हा परिषदा यांचा कारभार प्रशासकांच्या हातीं होता. तेव्हां गटार तुंबलें तरी लोक आमदाराच्या कचेरींत जात. असें असून या वस्तीचा आवाज कोरडवाहू गांवांइतका संघटित कां नाहीं?

याचें एक कारण साधें आहे. उपनगरांत राहणाऱ्या कित्येकांचें नांव तेथल्या मतदार यादींत नसतें. घर येथें, चूल येथें, मुलांची शाळा येथें. पण मत मूळ गांवीं. मतदानाच्या दिवशीं एस. टी. नें गांवीं जावें, भावकीला भेटावें, मत देऊन यावें, अशी रीत आहे. या रीतींत जिव्हाळा आहे, आणि मी तिला हंसणार नाहीं. वडिलांच्या गांवाशीं असलेलें नातें मनुष्य एकदम तोडीत नाहीं. पण कायदा असा आहे कीं नांव एकाच ठिकाणीं असावें आणि तें नेहमींच्या वास्तव्याच्या ठिकाणीं असावें. गांवचें नांव कमी करण्यास मन धजत नाहीं आणि येथें नांव लागत नाहीं, अशा स्थितींत तो मनुष्य जेथें राहतो तेथें मुका होतो.

त्याच्या मुकेपणाचा परिणाम त्याच्यापुरता राहत नाहीं, हें नीट समजून घ्यावयास हवें. मतदारसंघ आंखले जातात ते जनगणनेंतील डोकीं मोजून; आमदार निवडला जातो तो मतदार यादींतील नांवें मोजून. जनगणनेचा कारकून घुलेवाडींतल्या घरीं येतो आणि पांच माणसें लिहून घेतो; मतदार यादींत त्याच घरांतलें एकही नांव नसूं शकतें. म्हणजे हद्द आंखतांना त्या घराचें वजन धरलें जातें, पण निवडतांना तें वजन दुसऱ्यांच्या पारड्यांत पडतें. घर त्यांचें, निर्णय शेजाऱ्यांचा. उमेदवारही मनुष्यच आहे. ज्या आळींत मतें नाहींत त्या आळींत तो कमी वेळां येतो.

आणि ही हद्द एकदां आंखली म्हणजे कायम राहिली असेंही नाहीं. आजची हद्द 2008 सालीं अमलांत आली. ती 2001 च्या जनगणनेवरून आंखलेली आहे. त्या वेळीं आश्वीच्या बाजूचीं प्रवराकांठचीं गांवें शिर्डी मतदारसंघांत गेलीं, आणि पठारावरचीं कांहीं गांवें अकोले मतदारसंघांत, जो अनुसूचित जमातींसाठीं राखीव आहे. अकोल्याच्या आदिवासींना राखीव जागा मिळणें न्याय्यच आहे, त्याविषयीं वाद नाहीं. परंतु तहसील कचेरी संगमनेरची, आमदार शिर्डीचा किंवा अकोल्याचा, अशी या गांवांची स्थिति झाली. तालुका एक आणि आमदार तीन. एखाद्या कामाला तिघांची साथ मिळाली तर हें बळ ठरतें. तिघांनीं एकमेकांकडे बोट दाखविलें तर गांव उघड्यावर पडतें.

2001 सालीं राज्याची लोकसंख्या 9 कोटी 69 लक्ष होती. म्हणजे दर मतदारसंघास सरासरीनें तीन लक्ष छत्तीस हजार माणसें. 2011 सालीं ती 11 कोटी 24 लक्ष झाली आणि सरासरी तीन लक्ष नव्वद हजारांवर गेली. ही वाढ सगळीकडे सारखी नाहीं. ती शहरांच्या कडेला अधिक आहे. घटनेच्या 84 व्या दुरुस्तीनें 2001 सालीं असें ठरविलें कीं 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आंकडे येईपर्यंत जागांची संख्या बदलूं नये. ती जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भ तारखेनें करण्याचें सरकारनें 2025 सालीं जाहीर केलें. तेव्हां हद्दींचा प्रश्न आज ना उद्यां पुन्हां निघणार, आणि त्या वेळीं कडेच्या वस्त्या कोणत्या अंगास जोडल्या जातात हें पहावें लागणार.

वस्ती सरकली आणि हद्द सरकली नाहीं म्हणजे काय होतें, याचें जुनें उदाहरण इंग्लंडचें आहे. ओल्ड सॅरम या ओसाड टेकडीकडून 1832 पर्यंत पार्लमेंटांत दोन सभासद जात. आणि गिरण्यांनीं गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही सभासद नव्हता. टेकडीवर माणसें उरलीं नव्हतीं, पण हक्क उरला होता. मँचेस्टरांत माणसें होतीं, पण हक्क नव्हता. 1832 चा सुधारणा कायदा झाला तो मँचेस्टरसारख्या नव्या शहरांनीं वर्षानुवर्षें गाऱ्हाणें मांडलें तेव्हां. आपल्याकडे घटनेनें लोकसंख्येचें प्रमाण शक्य तोंवर सारखें ठेवावें असें सांगितलें आहे, म्हणून तितका अन्याय होणार नाहीं. पण सारख्या प्रमाणाच्या हद्दी अनेक रीतींनीं आंखतां येतात, आणि कोणती रीत बरी हें तेथल्या लोकांनाच अधिक कळतें.

2002 च्या कायद्यान्वयें ही फेररचना झाली, तेव्हांची पद्धति लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आयोग आपला मसुदा आधीं प्रसिद्ध करी. त्यावर हरकती व सूचना मागवी. जाहीर बैठका घेऊन लोकांचें म्हणणें ऐकून घेई. राज्याचे पांच खासदार व पांच आमदार त्याच्या साहाय्यास असत, पण त्यांना तेथें मताचा अधिकार नव्हता. अखेरचा आदेश प्रसिद्ध झाला म्हणजे त्याला कायद्याचें बळ येई आणि न्यायालयांत सहसा दाद मागतां येत नसे. तेव्हां बोलावयाची वेळ मसुद्याची. त्या वेळीं आश्वीच्या किंवा पठारावरच्या गांवकऱ्यानें सकारण अर्ज केला असेल तर त्याची नोंद झाली. जो घरीं बसून चडफडला त्याची झाली नाहीं. पुढच्या खेपेस पद्धतींत फेरफार होतील. पण आधीं बोलणाराचें ऐकलें जातें, मागाहून बोलणाराचें नाहीं, हा नियम बदलेल असें वाटत नाहीं.

मग उपनगरांतल्या नागरिकानें करावें काय? मोठें कांहीं नाहीं. पहिलें काम यादी पाहण्याचें. नवीन मतदारासाठीं नमुना 6 आणि स्थलांतर झालेल्यासाठीं नमुना 8 आहे. 2022 पासून वय मोजण्यास वर्षांतून चार तारखा धरल्या आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर यांची पहिली तारीख, म्हणून अठरा पुरीं झालेल्या मुलानें पुढल्या जानेवारीची वाट पहावयास नको. घरांतली नवी सून सासरीं आली तर तिचेंही नांव हलवावें. पूर्वींच्या 28 लक्ष भगिनींची हकीकत विसरूं नये. दुसरें काम, जनगणनेचा माणूस दारीं येईल तेव्हां घरांतलीं सगळीं माणसें नीट लिहवून द्यावीं. तिसरें काम, आपल्या आळीच्या सांडपाण्याचा, पाण्याचा आणि हद्दीचा प्रश्न दहापांच घरांनीं मिळून कागदावर लिहावा आणि आमदारास द्यावा. मग तो आमदार आपण मत दिलेला असो वा नसो. अधिवेशन झाल्यावर विचारावें कीं हा प्रश्न सभागृहांत मांडला काय आणि त्यास उत्तर काय मिळालें. प्रतिनिधीला लग्नामुंजीला बोलवावें, त्यांत कांहीं वावगें नाहीं. पण तेवढ्यावर समाधान मानून प्रश्न विचारावयाचा विसरूं नये.

गांवची ओढ सोडा असें मी म्हणत नाहीं. मूळ गांवीं जत्रेस जावें, देवाला नारळ फोडावा, भावकीचें सुखदुःख वांटून घ्यावें. मत मात्र आपण जेथलें पाणी पितों आणि जेथल्या रस्त्यानें चालतों तेथें द्यावें. तळेगांव-निमोणच्या शेतकऱ्यानें 53 वर्षें विचारलें तेव्हां त्याच्या बांधापर्यंत कालवा पोंचूं लागला. शहराच्या कडेला राहणाऱ्या माणसाची संख्या वाढत आहे, त्याचें शिक्षण अधिक आहे, कचेऱ्या त्याच्या जवळ आहेत. त्यानें आपलें नांव योग्य यादींत घातलें आणि विचारण्यास आरंभ केला, तर त्याला इतकीं वर्षें थांबावें लागूं नये. 2029 सालची विधानसभा निवडणूक अजून दूर आहे असें वाटेल. पण याद्या त्यापूर्वींच तयार होतात, आणि जनगणनेचा माणूस तर त्याहूनही आधीं दारांत उभा राहणार.